उंदराची लाळ आणि माशीचं नाक

चैत्राच्या आसपास गडचिरोली आणि चंद्रपूरच्या जंगलात मोह गळू लागतो. भल्या पहाटे टोपल्या घेऊन माणसं झाडाखाली पोचतात, पण पुष्कळदा त्यांच्या आधी अस्वल येऊन गेलेलं असतं. वेचायची राहिलेली फुलं उन्हात आंबू लागली की चिलटं जमतात. माणूस, अस्वल आणि चिलट या तिघांनाही तिथवर आणतो तो वास. ताज्या मोहफुलाच्या वासातला मुख्य रेणू तोच, जो शिजणाऱ्या आंबेमोहोर तांदळाला आणि बासमतीला त्यांचा घमघमाट देतो. फूल तो रेणू कसा घडवतं, यावर पुणे विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्रज्ञांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला.

रेणू तोच, फूल तेच. नाक मात्र तेच नसतं.

नाकाच्या छतापाशी असलेली गंधपेशी ही अस्सल चेतापेशी. तिचं एक टोक श्वासाच्या हवेत उघडं असतं आणि दुसरं हाडाच्या चाळणीतून थेट मेंदूत शिरतं. धूळ, धूर, सर्दीचे विषाणू असं सगळं सोसणाऱ्या या पेशीचं आयुष्य साहजिकच तोकडं. उंदरांत ते साधारण काही आठवडे ते काही महिने भरतं. जुनी मेली की तळाच्या थरातल्या मूळपेशींपासून नवी जन्मते. ती मोठी होते, एखादाच गंधग्राहक पत्करते, मेंदूकडे तंतू धाडते आणि तिथल्या नेमक्या गुच्छात जाऊन जोडली जाते. म्हणून पुढच्या हंगामातही मोहाचा वास मोहाचाच लागतो. मेंदूतल्या बहुतेक चेतापेशींना हे जमत नाही.

नव्या पेशीला कुणी वाढवायचं, कुणी मरू द्यायचं, कुणी वाट दाखवायची? आज याचं उत्तर मोठ्या प्रमाणात ग्रोथ फॅक्टर, म्हणजे वाढघटक, या प्रथिनांच्या नावानं दिलं जातं. ते दोन प्रवाहांतून आलं. एक तुरीन आणि सेंट लुईसकडून, दुसरा मुंबईच्या कुलाब्यातून. विज्ञानाच्या लोकप्रिय इतिहासांत पहिला ठळक असतो, दुसरा तळटीपेत जातो.

पहिला प्रवाह युद्धाच्या सावटात सुरू झाला. १९३८ च्या वंशद्वेषी कायद्यांनी इटलीतल्या ज्यू संशोधकांना विद्यापीठांबाहेर काढलं. तुरीनची तरुण डॉक्टर रिटा लेव्ही-मोंताल्चिनी हिनं घरातल्या झोपायच्या खोलीत प्रयोगशाळा मांडली आणि कोंबडीच्या अंड्यांतल्या भ्रूणांवर काम चालू ठेवलं. अवयवाची कळी कापली तर तिकडे जाणाऱ्या चेतापेशी आधी जन्मतात आणि मग मरतात, हे तिच्या ध्यानात आलं. म्हणजे पेशी जन्मणं आणि ती टिकणं या दोन निराळ्या गोष्टी होत्या. १९४७ मध्ये ती व्हिक्टर हॅम्बर्गर यांच्या निमंत्रणावरून सेंट लुईसला गेली. तिथं उंदराच्या एका गाठीचा तुकडा भ्रूणात बसवला की चेतातंतू बेसुमार फुटतात, हे तिनं पाहिलं. १९५२ मध्ये रिओ द जानेरोच्या प्रयोगशाळेत, काचेच्या ताटलीत ठेवलेल्या चेतागंडाभोवती काही तासांत तंतूंचं वलय उमटलं. गाठीतून झिरपणारं काहीतरी हे काम करत होतं.

ते काहीतरी वेगळं काढण्याचं काम जीवरसायनज्ञ स्टॅन्ली कोहेन यांच्याकडे आलं. शोधता शोधता ते आधी सापाच्या विषापाशी पोचले आणि मग उंदराच्या लाळग्रंथीपाशी. दोन्हींत तो पदार्थ गाठीपेक्षा कितीतरी जास्त होता. लाळग्रंथीचा अर्क नवजात पिल्लांना टोचल्यावर आणखी एक विचित्र गोष्ट दिसली. पिल्लांचे डोळे ठरल्या दिवसांच्या आधीच उघडले आणि दातही लवकर आले. दुसऱ्या कुणी ही अडगळ म्हणून सोडून दिली असती. कोहेन मात्र तिच्या मागे लागले आणि त्यातून दुसरं प्रथिन हाती आलं. त्याचा शोधनिबंध १९६२ चा. पुढे या प्रथिनाला एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर, थोडक्यात ईजीएफ, म्हणू लागले. कोहेन आणि लेव्ही-मोंताल्चिनी यांना १९८६ चं नोबेल मिळालं.

त्याच १९६२ साली कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, टीआयएफआरमध्ये, एक तिशीचा माणूस रुजू झाला. ओबैद सिद्दिकी. जन्म उत्तर प्रदेशातल्या बस्ती जिल्ह्यातला, शिक्षण अलीगढला वनस्पतिशास्त्राचं, पीएच.डी. ग्लासगोला ग्विदो पोंतेकोर्व्हो यांच्याकडे जनुकशास्त्रात. अमेरिकेत असताना भौतिकशास्त्राकडून जीवशास्त्राकडे वळलेल्या लिओ सिलार्ड यांनी होमी भाभांकडे त्यांचं नाव सुचवलं. भाभांची संस्था गणित, विश्वकिरण आणि अणुविज्ञान यांची. तिथं रेणवीय जीवशास्त्राचा विभाग काढायचा तर मनुष्यबळ नाही, परंपरा नाही आणि उपयोग काय हे सांगण्याचीही सोय नाही. तरी भाभांनी तो काढला. एका माणसावर विश्वास टाकायचा आणि विषय त्यालाच निवडू द्यायचा, ही त्यांची रीत या बाबतीत फळली.

सुरुवातीची वर्षं जिवाणूंच्या जनुकांत गेली. सत्तरीच्या दशकात सिद्दिकी कॅलिफोर्नियात सीमोर बेंझर यांच्याकडे राहिले. एकेक जनुक बिघडवून वर्तन समजून घेण्याचा खटाटोप बेंझर तेव्हा फळमाशीवर करत होते. तापमान वाढताच लुळ्या पडणाऱ्या माश्यांवर दोघांनी मिळून काम केलं. सिद्दिकी मुंबईला आले ते माशी डोक्यात घेऊनच. डोळ्यांचं आणि हालचालींचं जनुकशास्त्र तोवर पुष्कळांनी हाती घेतलं होतं. त्यांनी वास आणि चव उचलली.

याच सुमारास डब्लिनहून एक पत्र आलं. व्हेरोनिका रॉड्रिग्ज, जन्म १९५३, केनियातला. आईवडील गोव्याहून पूर्व आफ्रिकेत गेलेले. शाळा नैरोबीत, विद्यापीठ युगांडातलं मकेरेरे, आणि तिथं राजकीय धुमाळी माजल्यावर डब्लिनचं ट्रिनिटी कॉलेज. सिद्दिकींचं संशोधन वाचून तिनं त्यांना लिहिलं, आणि १९७७ मध्ये पीएच.डी.साठी ती मुंबईत दाखल झाली. त्या काळी पदवी हाती पडली की हुशार मुलं भारतातून पश्चिमेकडे जात. ही उलट्या दिशेनं आली, तीही जिथं ती कधी राहिलीच नव्हती त्या देशात.

प्रयोगाचं साहित्य पाहून हसू यावं. इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराची काचेची नळी. एका फाट्यात वास, दुसऱ्यात साधी हवा, आणि दांड्यात माश्यांचा घोळका. थोड्या वेळानं कोणत्या फाट्यात किती माश्या गेल्या ते मोजायचं. पिकल्या फळांत आणि आंबवणात असणारं इथाइल अॅसिटेट माश्यांना ओढतं. कडू बदामाच्या वासाचं बेंझाल्डिहाइड पुरेसं तीव्र असेल तर त्या दूर पळतात. माश्यांना रसायन देऊन त्यांच्या जनुकांत बिघाड घडवायचे आणि संततीतल्या कुणाचं नाक बिनसलं ते या नळीत हुडकायचं. शोध क्ष गुणसूत्रावर ठेवला, कारण नराकडे ते एकच असतं आणि त्यावरचा बिघाड झाकला जात नाही.

हजारो माश्या मोजल्यावर जे सापडलं ते अपेक्षेपेक्षा बारीक होतं. सगळंच हुंगणं बंद झालेल्या माश्या सापडणं नवलाचं नव्हतं. पण काहींना बेंझाल्डिहाइडचा पत्ता लागत नव्हता आणि बाकीचे वास नीट कळत होते. काहींचा गोंधळ अॅसिटेटसारख्या एस्टरांपुरताच होता. वास म्हणजे एकच सरसकट संवेदना असती तर ती अशी तुकड्या-तुकड्यानं बिघडली नसती. वेगवेगळ्या वासांच्या वाटा वेगळ्या असल्या पाहिजेत, आणि त्या वेगवेगळ्या जनुकांच्या हाती असल्या पाहिजेत. रॉड्रिग्ज आणि सिद्दिकी यांचा हा निबंध १९७८ मध्ये भारतीय विज्ञान अकादमीच्या कार्यवृत्तात छापून आला, कुठल्याही परदेशी नियतकालिकात नव्हे. तो वेळीच जगभर वाचला गेला असता तर वासाच्या विज्ञानाचा इतिहास थोडा निराळा लिहिला गेला असता, असं वाटल्यावाचून राहत नाही. या कामाची पुढची मोठी मांडणी १९९० साली अय्यूब, परांजपे, रॉड्रिग्ज आणि सिद्दिकी यांच्या नावानं झाली.

मधल्या काळात रॉड्रिग्ज जर्मनीत ट्युबिंगनच्या माक्स प्लांक संस्थेत जाऊन आल्या. माशीला किरणोत्सारी साखर द्यायची, एकच वास हुंगवायचा आणि मेंदूच्या कोणत्या भागानं जास्त साखर ओढली ते फिल्मवर पाहायचं, हे तंत्र त्यांनी तिथं वापरलं. वास बदलला की उजळणारे गुच्छही बदलत. त्यांचा १९८८ चा निबंध हेच सांगतो. वासाला मेंदूत जागा असते, नकाशा असतो. लिंडा बक आणि रिचर्ड अॅक्सेल यांनी उंदीरवर्गातल्या प्राण्यांत सुमारे हजार गंधग्राहक जनुकांचं घराणं दाखवलं ते १९९१ मध्ये, आणि त्यांना नोबेल मिळालं २००४ मध्ये.

आता खरा पेच पुढे आला. वाटा वेगळ्या आहेत हे कळलं, पण त्या आखतं कोण? रॉड्रिग्ज यांची प्रयोगशाळा नव्वदीच्या दशकात नाकाच्या घडणीकडे वळली. माशीचं नाक म्हणजे तिच्या शृंगिका. प्रत्येकीवर सुमारे बाराशे गंधचेतापेशी, बारीक केसांत दोन-दोन, चार-चार करून बसवलेल्या. मोठ्या माशीत त्या आपल्यासारख्या पुन्हा पुन्हा जन्मत नाहीत. सगळी उभारणी कोषाच्या अवस्थेत एकदाच होते. प्रयोगाला हे उलट सोयीचं. नव्या गंधपेशीचं बालपण तासातासानं न्याहाळता येतं.

१९९७ मध्ये गुप्ता आणि रॉड्रिग्ज यांनी दाखवलं की शृंगिकेवरच्या एका प्रकारच्या केसांची सुरुवात आटोनल नावाचं जनुक करून देतं. उरलेल्या प्रकारांसाठी आमोस नावाचं त्याचंच भावंड असल्याचं पुढे इतरत्र सिद्ध झालं. मग मुंबईहून २००० साली आणखी एक निबंध आला. आटोनल वंशातल्या पेशी शृंगिकेतली मांडणी बसवतात, आणि चेतापेशी व त्यांच्यासोबतच्या ग्लिया पेशी मिळून मेंदूतल्या गंधखंडाला आकार देतात, असं त्यात होतं. ग्लिया म्हणजे चेतातंतूंना वेढून राहणाऱ्या सोबती पेशी. स्वतः काही न हुंगणाऱ्या या पेशींवाचून हुंगणाऱ्यांचं चालत नव्हतं.

पण त्यात एक कोडं होतं. आटोनल वंशातून ग्लिया निघत, आमोस वंशातून निघत नसत. दोन्ही वंश एकाच शृंगिकेवर, एकाच वेळी वाढणारे. फरक कशाचा?

सेन, कुरुविला, पिंटो, सरीन आणि रॉड्रिग्ज यांनी २००४ मध्ये याचं उत्तर दिलं, आणि इथं लाळग्रंथीतून निघालेला प्रवाह माशीच्या नाकाला येऊन मिळाला. ईजीएफला प्रतिसाद देणारं ग्राहक प्रथिन माशीतही असतं, हे १९८५ पासून माहीत होतं. आधी या पाच जणांनी पेशींचा मृत्यू थांबवून पाहिला. सुरवंटांना मारणारा एक विषाणू असतो. लागण झालेली पेशी आत्मघात करू नये म्हणून तो पी३५ नावाचं प्रथिन वापरतो. तेच माशीच्या पेशींत घातलं. आमोस वंशात, जिथं ग्लिया नसतात असं समजलं जाई, तिथं त्या दिसू लागल्या! म्हणजे त्या वंशातही ग्लियाच्या पूर्वजपेशी जन्मतच होत्या, फक्त जन्मून मरत होत्या. आटोनल वंशातल्या पूर्वजपेशींत मात्र, ईजीएफचा संदेश पोचल्यावर पेशीच्या आत जी खूण उमटते ती थोडा वेळ उमटून जात होती. तो संदेश अडवला की त्यांचीही वाढ बिघडे.

निष्कर्ष असा की ग्लिया घडवण्याची कुवत दोन्ही वंशांत आहे. पण आटोनलनं घडवलेल्या पेशी ईजीएफला साद देतात आणि जगतात, आमोसच्या देत नाहीत आणि मरतात.

वाढघटक हे नाव ऐकलं की शेतात टाकलेल्या खतासारखं काहीतरी डोळ्यांपुढे येतं, जिथं पडेल तिथलं पीक तरारून उठवणारं. मुंबईच्या या प्रयोगानं ती समजूत मोडीत निघते. संदेश तोच असतो, पण कोणत्या पेशीनं तो ऐकायचा हे तिच्या वंशानं आधीच ठरवलेलं असतं. लेव्ही-मोंताल्चिनीला झोपायच्या खोलीत दिसलं होतं की जन्मणं वेगळं आणि टिकणं वेगळं. कुणी टिकायचं याचा निवाडा कसा होतो, त्याचा एक नमुना साठेक वर्षांनी कुलाब्याच्या टेबलांवर हाती आला. हा निबंध नोबेलच्या वाटेवरचा नव्हता. पण त्यानं प्रश्न अचूक पकडला होता.

सस्तन प्राण्यांत हिशोब अधिक गुंतागुंतीचा आहे, कारण तिथं घडण आयुष्यभर चालते. गंधचेता कापली तरी गंधपेशी पुन्हा उगवतात, हे फ्लोरिडात पास्क्वाले ग्राझियाडेई यांनी सत्तरीच्या दशकात ठामपणे मांडलं तेव्हा अनेकांना ते पचलं नव्हतं. कॅलिफोर्नियात अॅन केलॉफ यांच्या गटानं २००३ मध्ये उंदराच्या नाकातल्या जीडीएफ११ या घटकाचं काम उलगडलं. हा घटक तयार पेशींकडून येतो आणि पूर्वजपेशींना सांगतो की आता पुरे. वाढ रोखणाराही वाढघटकच! तंतू मेंदूच्या योग्य बाजूला वळण्यासाठी इन्सुलिनच्या नात्यातला आयजीएफ लागतो, हे बर्कलीच्या जॉन न्गाय यांच्या गटानं २००८ मध्ये दाखवलं. तो संदेश बंद केलेल्या उंदरांत गंधखंडाच्या बाहेरच्या बाजूला जाणारे तंतू भलतीकडेच गेले.

रॉड्रिग्ज पुढे बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात काम करू लागल्या. ही संस्था नव्वदीच्या सुरुवातीला सिद्दिकींनीच उभारलेली. १० नोव्हेंबर २०१० रोजी कर्करोगानं रॉड्रिग्ज गेल्या. सिद्दिकी २०१३ च्या जुलैमध्ये रस्त्यावरच्या अपघातानंतर वारले. वास हा विषय तोवर मोजक्या प्रयोगशाळांचा होता. दहा वर्षांच्या आत तो घराघरात शिरला.

२०२० मध्ये कोविडच्या रुग्णांना वास येईनासा झाला. विषाणू गंधपेशींना मारतो, असाच पहिला तर्क होता. हार्वर्डच्या संदीप रॉबर्ट दत्ता यांच्या गटानं त्याच वर्षी दाखवलं की विषाणूला शिरायला लागणारा दरवाजा खुद्द गंधपेशींवर जवळपास नसतोच. तो त्यांना सावरून धरणाऱ्या आधारपेशींवर आणि तळाच्या काही मूळपेशींवर असतो. पुण्यात आयसरच्या निक्सन अब्राहम यांच्या प्रयोगशाळेनं बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉक्टरांबरोबर मोजून-मापून वास सोडणारं यंत्र वापरलं. ज्या लागण झालेल्यांना काहीच त्रास नव्हता, आपलं नाक ठीक आहे असंच जे सांगत, त्यांच्यातही वास ओळखण्यात घट निघाली. हा अभ्यास २०२० चा. याच गटाच्या २०२३ च्या निबंधात, आजार सरल्यावरही वास शिकून लक्षात ठेवण्यातली उणीव मागे राहिल्याचं नोंदलेलं आहे.

ज्यांचा वास परतला नाही त्यांच्यासाठी डॉक्टर आज सगळ्यात आधी सुचवतात तो उपाय बिनखर्चाचा. रोज ठरावीक चार वास थोडा थोडा वेळ, मन लावून, काही महिने हुंगत राहायचं. त्यापलीकडे वाढघटकांचाच आधार घेण्याचे प्रयत्न सुरू आहेत. रुग्णाच्याच रक्तातून प्लेटलेटनं दाट केलेला द्राव काढून नाकाच्या वरच्या फटीत टोचायचा, कारण प्लेटलेटमध्ये ईजीएफसह अनेक वाढघटक साठलेले असतात. अमेरिकेत अशा एका छोट्या चाचणीत कोविडनंतर वास गेलेल्या २६ जणांनी उपचार पूर्ण केले. काहींना द्राव टोचला, काहींना नुसतं मिठाचं पाणी. तीन महिन्यांनी द्राववाल्यांचे गुण जास्त भरले. एका वासापासून दुसरा वेगळा ओळखणं त्यांना अधिक जमू लागलं होतं. वासाचं नाव सांगणं आणि मंद वास टिपणं यांत मात्र फरक पडला नाही. आणि तुम्हाला स्वतःला कितपत बरं वाटतं, असं विचारल्यावर दोन्ही गटांची उत्तरं सारखीच आली.